राउटरने बरोबर मापाची गोल चकती कशी कापायची

राउटरने, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटने लाकूड कापणाऱ्या यंत्राने, गोल टेबलटॉप कापायला घेतलं आणि बिघडलं, तर दोष हाताला दिला जातो. माझा अनुभव वेगळा आहे. हात थरथरला म्हणून बिघडलेल्या चकत्या मी फार थोड्या पाहिल्या. बहुतेक वेळा मध्यापासूनचं अंतर चुकीच्या ठिकाणाहून मोजलेलं असतं, नाहीतर शेवटच्या फेरीत सुटलेला तुकडा हलून कडेला खाच पडलेली असते. म्हणून या लेखात प्रत्यक्ष कापण्यापेक्षा तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

उदाहरण एकच घेऊ: १८ मिमी प्लायवूडमधून टीपॉयसाठी ६०० मिमी व्यासाचं गोल टॉप. यंत्र साधा ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर, बिट ६ मिमीचा सरळ. मोठा राउटर असेल तिथे काय बदलायचं ते त्या त्या ठिकाणी दिलं आहे.

१. आधी सामान जमवा

- ट्रिमर किंवा राउटर. शक्य असेल तर प्लंज बेससह, म्हणजे चालू बिट सरळ खाली उतरवता येतो.
- ६ मिमीचा दोन धारांचा कार्बाइड सरळ बिट, शक्यतो नवा.
- टोकाला बेअरिंग असलेला ट्रिमिंग बिट, धारेची लांबी २५ मिमी. सनमायकाच्या कडा साफ करायला सुतार वापरतात तोच.
- जिगसॉ, म्हणजे वरखाली चालणाऱ्या पातीची विजेवरची करवत, आणि तिची लाकडाची बारीक दातांची पाती.
- ६ मिमी प्लाय किंवा एमडीएफची पट्टी, साधारण १०० मिमी रुंद आणि ४५० मिमी लांब. ही आपली कंपासपट्टी: एका टोकाला यंत्र, दुसरीकडे पिन, आणि पिनभोवती यंत्र गोल फिरतं.
- ४ मिमीची गुळगुळीत पिन. जुन्या ४ मिमी ड्रिल बिटची मागची दांडी उत्तम.
- स्टीलची पट्टी, व्हर्नियर, क्लॅम्प, टाकाऊ प्लायचे तुकडे.
- डोळ्यांना गॉगल, कानांना मफ, नाकातोंडाला घट्ट बसणारा मास्क. प्लायच्या धुळीत लाकडाबरोबर गोंदही असतो, रुमाल बांधून भागत नाही.

पिन म्हणून स्क्रू वापरू नका. स्क्रूचे आटे पट्टीतलं भोक प्रत्येक फेरीला थोडं थोडं किसत जातात. तिसऱ्या फेरीपर्यंत भोकात खेळ येतो आणि चकती पहिल्या फेरीच्या मापाची राहत नाही.

२. बिट बसवताना कॉलेट तपासा

आपल्याकडच्या बाजारात ६ मिमी आणि पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी, अशा दोन्ही दांड्यांचे बिट शेजारी शेजारी टांगलेले असतात. मोठ्या राउटरचंही तसंच: १२ मिमी आणि अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिमी. ६ मिमीची दांडी पाव इंची कॉलेटमध्ये, म्हणजे यंत्राच्या दांडी पकडणाऱ्या भागात, जाते, आवळल्यावर धरल्यासारखीही वाटते, पण काम सुरू झालं की बिट हळूहळू बाहेर सरकतो. चर खोल होत जातो आणि ते लक्षात येतं तेव्हा खालचं टेबलही कापलेलं असतं.

प्लग काढा. दांडी पूर्ण आत ढकला आणि २ मिमी परत वर ओढून मग आवळा. तळाला टेकलेल्या बिटवर कॉलेट नीट घट्ट होत नाही.

*तपासा:* कंपासपट्टी ६ मिमी जाड आहे, म्हणजे तेवढी लांबी ती खाणार. ९ मिमी खोल चर पाडायचा तर बिट बेसच्या खाली किमान १५ मिमी निघायला हवा, आणि तरीही दांडीचा निदान तीन चतुर्थांश भाग कॉलेटमध्ये राहायला हवा. दोन्ही जमत नसेल तर बिट आखूड आहे. दांडी अर्धवट धरून काम ढकलू नका.

३. कंपासपट्टी तयार करा

ट्रिमरची मूळ बेस प्लेट काढा. पट्टीच्या एका टोकाला ती ठेवून स्क्रूच्या जागा पेन्सिलीने उतरवून घ्या. भोकं पाडा आणि स्क्रूचं डोकं बुडेल एवढी ती खालून रुंद करा. डोकं केसभरही वर राहिलं तरी ते प्लायवर ओरखडत फिरेल. बिटसाठी मधलं भोक १६ ते १८ मिमीचं ठेवा, म्हणजे भुसा वर यायला वाट राहते.

आता पट्टीवर बिटच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाकडे पंख्यासारख्या तीन रेषा आखा: एक मधोमध, एक किंचित डावीकडे, एक किंचित उजवीकडे. तीन कशाला, ते पाचव्या टप्प्यात कळेल.

४. त्रिज्या मोजा: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

६०० मिमी व्यास म्हणजे ३०० मिमी त्रिज्या. प्रश्न असा की हे ३०० पिनच्या मध्यापासून कुठपर्यंत मोजायचे?

चकती हवी असेल तर बिटच्या पिनकडच्या धारेपर्यंत. कारण त्या धारेच्या आतलं लाकूड शिल्लक राहतं.

बिटच्या मध्यापर्यंत ३०० मोजले तर चकती ५९४ मिमीची होते. पलीकडच्या धारेपर्यंत मोजले तर ५८८. माझं पहिलं टॉप असंच ५८८ चं निघालं होतं. खालची लोखंडी रिंग आधीच बनवून आणलेली होती, त्यामुळे ती शीट दुसऱ्या कामाला लावावी लागली. बिट १२ मिमीचा असेल तर हीच चूक व्यासात २४ मिमीची होते, जवळजवळ एक इंच.

मोजायची पद्धत अशी:

प्लग काढलेला आहे याची खात्री करा. बिट हाताने फिरवून त्याची एक धार बरोबर पिनच्या दिशेला आणा. दोन धारांच्या बिटमध्ये धारांच्या मधला भाग आत असतो. तो पिनकडे असताना मोजलं तर माप मिलिमीटर-दोन मिलिमीटरने फसतं.

टेपचं हुक वापरू नका, हुकाला मुद्दाम खेळ ठेवलेला असतो. स्टीलच्या पट्टीवर १०० ची खूण धारेला लावा आणि ४०० च्या खुणेवर मधल्या रेषेवर टोक मारा. तिथे ४ मिमीचं भोक पाडा, ड्रिल स्टँडवर असेल तर फार बरं. भोक तिरकं गेलं तर पिनही तिरकी बसते.

*तपासा:* पिन भोकात घाला. पिनची बिटकडची बाजू ते बिटची पिनकडची धार हे अंतर २९८ मिमी यायला हवं, कारण पिनची अर्धी जाडी २ मिमी आहे. पिनच्या मध्याचा अंदाज करण्यापेक्षा दोन कडांमधलं हे माप कितीतरी भरवशाचं असतं.

५. टाकाऊ तुकड्यावर पुरावा घ्या

ही पायरी गाळली जाते, आणि मग महागडी शीट टाकाऊ होते. कुठल्याही जुन्या प्लायवर किंवा एमडीएफवर पिन बसवा आणि फक्त १ मिमी खोल चर पूर्ण गोल फिरवा. तीन गोष्टी पाहा.

आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, मध्यावरून जाणारा व्यास मोजा. ६०३ आला तर पिन १.५ मिमी बिटकडे सरकवायची आहे, ३ मिमी नाही. व्यासातली चूक त्रिज्येत निम्मी होते, हे घाईत विसरलं जातं.

पण १.५ मिमीवर दुसरं भोक पाडायला गेलात तर ते पहिल्यातच घुसेल आणि लांबुळकं होईल. म्हणून त्या आणखी दोन रेषा. नवं भोक शेजारच्या रेषेवर पाडा, अंतर पुन्हा बिटच्या धारेपासून मोजा, आणि जुन्या भोकावर फुली मारा.

चर जिथून सुरू झाला तिथेच येऊन मिळतो का? पायरी दिसत असेल तर पिनला खेळ आहे किंवा पट्टी वाकते आहे.

चराची रुंदी व्हर्नियरने मोजा. ६ लिहिलेला बिट ६ चाच चर पाडतो असं नाही, झिजलेला बिट कमी रुंद चर पाडतो.

६. प्लायची तयारी

६५० × ६५० मिमीचा चौकोन कापून घ्या. दुकानात 'सहा सूत' म्हणून मिळणारी शीट प्रत्यक्षात किती जाड आहे ते मोजा, खोलीचं गणित त्यावर आहे.

चांगली बाजू खाली, खालची बाजू वर. पिनचं भोक आणि राउटरचे सगळे ओरखडे टेबलाच्या पोटाकडे जायला हवेत. कर्ण आखून मध्य काढा आणि ४ मिमीचं भोक फक्त १० मिमी खोल पाडा. ड्रिल बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. १८ मिमीचं प्लाय आरपार जायला दोन सेकंद पुरतात.

दोन्ही बाजू दिसणार असतील तर भोक पाडूच नका. ६ मिमी प्लायचा ५० मिमीचा तुकडा दुहेरी टेपने मध्यावर चिकटवा आणि पिन त्यात बसवा. कंपासपट्टी तेवढी वर उचलली जाईल, म्हणून राउटरच्या बाजूलाही पट्टीखाली तेवढ्याच जाडीचा तुकडा लावा आणि बिटची लांबी नव्याने तपासा.

चौकोनाखाली टाकाऊ प्लाय ठेवा आणि चारही कोपऱ्यांवर क्लॅम्प लावा. मग यंत्र बंद ठेवून कंपासपट्टी एक पूर्ण फेरी फिरवून पाहा. बेस क्लॅम्पला अडतो का? वायर कुठे अडकते का? तुमचा हात पोचतो का, की टेबलाभोवती चालावं लागतं? वायर वरून, खांद्यावरून घ्या. टेबलावर पडलेली वायर अर्ध्या फेरीतच बिटच्या वाटेत येते.

७. दिशा

देवळात आपण घड्याळाच्या दिशेने प्रदक्षिणा घालतो. चकती कापताना राउटर बरोबर त्याच्या उलट दिशेने न्यायचा. सगळ्या परिस्थितीत लागू पडणारा नियम असा की, जे लाकूड ठेवायचं आहे ते चालण्याच्या दिशेच्या डाव्या हाताला हवं.

वरून पाहताना बिट घड्याळाच्या दिशेने फिरतो. चकती डावीकडे ठेवली की धार लाकडाला समोरून भिडते, राउटर थोडा विरोध करतो आणि ताबा तुमच्याकडे राहतो. उलट नेलं तर धार लाकडाला चाकासारखी पकडते आणि यंत्र पुढे पळू लागतं.

आणखी एक गोष्ट. चर पाडताना राउटर चालण्याच्या डावीकडे ओढ घेतो, म्हणजे इथे मध्याकडे. पिनला खेळ असेल तर बिट टाकाऊ लाकडात जात नाही, तुमच्या चकतीत शिरतो. म्हणून मघाशी पिनबद्दल एवढा आग्रह धरला.

८. चर पाडा: ३ मिमीच्या तीन फेऱ्या

प्लंज बेस असेल तर बिट वर ठेवून यंत्र चालू करा, पूर्ण वेगावर येऊ द्या, ३ मिमी उतरवा आणि लगेच चालू लागा. एकाच जागी थांबलात तर लाकूड करपतं आणि तो काळा डाग खोलवर जातो.

साधा बेस असेल तर बिट उतरवायला आधी जागा करावी लागते. चराच्या मध्यरेषेपासून १ मिमी बाहेर, म्हणजे मध्यापासून ३०४ मिमीवर, ८ मिमीचं भोक पाडा. हे भोक चकतीच्या रेषेला फक्त टेकतं, आत शिरत नाही. ड्रिल बिट मध्ये टोक असलेला घ्या, म्हणजे घसरणार नाही. बिट त्या भोकात उतरवा, दोन्ही हातांनी धरा आणि मग चालू करा. चालू बिट तिरका करून लाकडात घुसवू नका.

वेग आवाजावरून ठरवा. मोटरचा आवाज एकसारखा राहिला आणि बारीक कपच्या उडत राहिल्या तर ठीक. आवाज खाली गेला तर जास्त रेटताय. पिठासारखी धूळ आणि जळका वास आला तर फार सावकाश चाललात किंवा बिट बोथट झालाय.

फेरी संपली की यंत्र बंद करा, बिट पूर्ण थांबू द्या, मगच उचला. चर ब्रशने साफ करा. अडकलेल्या भुशात बिट तापतो. प्लग काढा, खोली ६ करा, मग ९. पट्टीच्या ६ मिमीमुळे बेसखाली बिट अनुक्रमे ९, १२ आणि १५ मिमी निघालेला असेल.

मोठ्या राउटरवर १२ मिमीच्या बिटने एका फेरीत ४-५ मिमी घेता येतं. ट्रिमरवर तो हव्यास नको.

*तपासा:* ९ मिमीनंतर पुन्हा व्यास मोजा, तीन दिशांनी. इथपर्यंत काही चुकलं असेल तर कळायची ही शेवटची संधी आहे.

९. चकती सोडवा

राउटरनेच आरपार कापत गेलात तर शेवटच्या मिलिमीटरला बाहेरचा भाग किंवा चकती, काहीतरी एक मोकळं होतं. मोकळं झालेलं लाकूड सरकतं आणि फिरत्या बिटवर येतं. तेवढ्याने कडेला खाच पडते आणि ती भरून निघत नाही. म्हणून ट्रिमरवर मी आरपार जातच नाही. ९ मिमीला थांबतो आणि उरलेलं काम जिगसॉला देतो.

कंपासपट्टी काढा, खालचं टाकाऊ प्लाय काढून चौकोन ठोकळ्यांवर उचला. जिगसॉची पातीला पुढेमागे झोका देणारी सेटिंग शून्यावर आणा. पाती चराच्या बाहेरच्या अर्ध्या भागात चालवा. वळणावर जिगसॉची पाती खालून वाकते. आतल्या कडेला चिकटून चालवलीत तर वर सगळं बरोबर दिसेल आणि खाली, म्हणजे चांगल्या बाजूला, चकती आत खाल्ली गेलेली असेल. सावकाश चाला, यंत्र बाजूला दाबू नका. शेवटची वीतभर कापताना कोणाला तरी टाकाऊ भाग धरायला सांगा.

आता कडेला खालची ९ मिमी जाडी ३-४ मिमी बाहेर आलेली दिसेल. चकती उलटा, चांगली बाजू वर. खाली चार टाकाऊ ठोकळे ठेवा आणि क्लॅम्प लावा. ट्रिमरला मूळ बेस प्लेट परत बसवा, ती पुसून घ्या, आणि बेअरिंगचा बिट लावा. खोली अशी ठेवा की बेअरिंग पूर्णपणे राउटरने कापलेल्या गुळगुळीत भागावर टेकेल. अर्धवट टेकलं तर ते जिगसॉच्या खरबरीत भागावर चढतं आणि तोच ओबडधोबडपणा कडेवर उतरतो.

पुन्हा प्रदक्षिणेच्या उलट दिशेने एक फेरी. यंत्राचा अर्धा बेस हवेत असतो, म्हणून वजन सतत चकतीकडच्या हातावर ठेवा. क्लॅम्प आड आला की थांबा, यंत्र बंद करा, क्लॅम्प हलवा.

मोठा राउटर आणि आरपार कापायचंच असेल तर: चकती आणि चारही कोपरे खालच्या टाकाऊ प्लायला दुहेरी टेपने पक्के चिकटवा, आणि शेवटची फेरी टाकाऊ प्लायमध्ये १ मिमी जाऊ द्या. चांगली बाजू टाकाऊ प्लायला घट्ट टेकलेली असल्यामुळे तिच्या कपच्या उडत नाहीत. टेप सोडवताना पटाशी घालू नका. पातळ लाकडी पाचर चारही बाजूंनी थोडी थोडी सारत न्या.

१०. भोक पाडायचं असेल तर सगळं उलट

स्पीकरसाठी किंवा बेसिनसाठी गोल भोक हवं असेल तर बाहेरचं लाकूड ठेवायचं आहे. म्हणून त्रिज्या बिटच्या पलीकडच्या धारेपर्यंत मोजा आणि प्रदक्षिणेच्या दिशेने फिरा. डाव्या हाताचा नियम इथेही तसाच लागू होतो.

इथला मोठा धोका वेगळा आहे. पिन ज्या तुकड्यात आहे तोच टाकाऊ असतो. तो सुटला की पिनही हलली आणि भोकाच्या कडेला बिट घुसला. तेव्हा तो मधला तुकडा खालच्या प्लायला दोन स्क्रूंनी पक्का करा. तो टाकायचाच असल्याने स्क्रूच्या भोकांची काळजी नाही. स्क्रू मात्र बिटच्या वाटेपासून चांगले दूर ठेवा.

११. सागवान, शिसम आणि पोळपाट

भरीव लाकडात गोल कापताना धारेच्या तुलनेत लाकडातल्या नैसर्गिक रेषांची दिशा प्रत्येक पाव वर्तुळाला बदलते. समोरासमोरच्या दोन पावांत धार रेषांबरोबर जाते आणि कड गुळगुळीत येते, उरलेल्या दोनांत रेषांविरुद्ध जाऊन कपचे निघतात. त्या दोन जागा आधीच पेन्सिलीने खुणावून ठेवा आणि तिथे वेग थोडा कमी करा. प्रत्येक फेरी २ मिमीची ठेवा. जिगसॉनंतर बेअरिंगच्या बिटला खायला दीड मिमीपेक्षा जास्त ठेवू नका.

पोळपाट करत असाल तर प्लाय वापरू नका, त्यातला गोंद पोळीखाली नको. नीट वाळलेलं एकसंध लाकूड घ्या, पिनचं भोक खालच्या बाजूला पाडा, पाय बसवायच्या आधी चकती पूर्ण घासून घ्या. भरीव लाकूड पावसाळ्यात रेषांना आडवं फुगतं, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे मे महिन्यात अचूक गोल असलेली चकती कोकणातल्या जुलैत मोजली तर दोन दिशांचे व्यास सारखे येत नाहीत. तुमच्या कापण्यात काही चुकलेलं नसतं. अशी चकती रिंगमध्ये बसवायची असेल तर आडव्या दिशेला मोकळी जागा ठेवा.

१२. कड

१२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून १८० वर थांबा. पेपर सरळ ठोकळ्यावर नाही, वाकणाऱ्या रबरावर किंवा जाड फोमवर गुंडाळा, नाहीतर कडेला बारीक पैलू पडतात. वरची आणि खालची धार हलकेच मोडा. प्लायच्या कडेला व्हिनीअरची पट्टी लावणार असाल तर तिची जाडी दोन्ही बाजूंनी व्यासात मिळते. १ मिमीची पट्टी म्हणजे चकती ५९८ चीच कापायची, त्रिज्या २९९. हे गणित पट्टी हातात आल्यावर नाही, चौथ्या टप्प्यातच करायला हवं.